अम्मानमधला धवला

आत्याला मी अम्मानला नेलं ते काही पुण्य कमवायला नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा? माझा डाव होता.

खरं तर बुकिंग माझं आणि नवऱ्याचं होतं. ठाण्याचीच एक टूर, जॉर्डन आणि पुढे थोडं इजिप्त. महिनाभर आधी नवऱ्याची कंबर धरली, ती अशी धरली की कल्याणहून ठाण्याला जाणं मुश्कील, मग अम्मानचं काय घेऊन बसलात. आत्याचा पासपोर्ट तयार होता, कारण तिच्या मुलाने तिला एकदा दुबई दाखवून आणलेली. मी ठाण्याला, कोलशेतच्या तिच्या घरी फोन लावला. आतोबांनी उचलला. म्हणाले, ने तिला, इथे नुसती भिंतीकडे बघत बसते, तिकडे निदान दुसऱ्या भिंती बघेल.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्म कोलशेतचा आणि दिली तीही कोलशेतलाच, चार घरं सोडून. आमची माणसं पूर्वी मिठागरावर राबायची, भात लावायची. आता त्याच जमिनीवर टॉवर उभे आहेत आणि आम्ही जमीनमालक म्हणून मान वर करून त्यांच्याकडे बघतो. आत्या गावची धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, पण त्याच्या आधी धवलारीण येते. हळद दळायची असो, मांडवात उंबराची फांदी रोवायची असो, नवरीला पाटावर बसवायची असो, प्रत्येक गोष्टीला तिचा धवला लागतो. धवला म्हणजे लग्नाचं गाणं, पण गाणं म्हटलं की आत्याला राग येतो. तिच्या मते तो विधी आहे. तो सुरू होत नाही तोवर हळदीला कोणी बोट लावायचं नाही.

आणि धवल्याला दोघी लागतात. पुढची एक ओळ म्हणते, मागची त्या ओळीचं शेवटचं टोक उचलते आणि पुढे नेते, तोवर पुढचीने दम खाल्लेला असतो. अशी रात्र काढायच्या. आत्याच्या मागे तिची धाकटी जाऊ गायची. दोघी जावांचं घरात एक मिनिट पटायचं नाही, मासे कोणी साफ करायचे यावरून अख्खी आळी डोक्यावर घ्यायच्या, पण मांडवात बसल्या की एकीने सोडलेला श्वास दुसरी घेते आहे असं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी ती जाऊ गेली. त्यानंतर आत्याने धवला म्हटला नाही. गावात तीन-चार लग्नं झाली, लोकांनी नाकदुऱ्या काढल्या, हिने सगळ्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या. लोकांनी मग डीजे वाजवून हळदी केल्या. कोणाचं काही अडलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं असणार.

आता आमच्या घरात लग्न होतं. माझ्या भावाची मुलगी, तुळशीचं लग्न झालं की हिचं. ती मला म्हणाली, आजी मांडवात गात नाही तर नको गाऊ दे, तू तिचा आवाज मोबाईलवर घेऊन ये, डीजेवाला स्पीकरवर लावेल. मला पटलं. घरी आत्याभोवती सतत माणसं, नातवंडं, टीव्ही. दहा दिवस एका खोलीत माझ्याबरोबर राहिली की विरघळेल, असा माझा हिशेब. आणि दुसरं, तिच्या छातीला दम्याने धरलेलं, हे आम्ही घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतो. आत्ता घेतला नाही तर तो आवाज कधीच मिळणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

पाच दिवस गेले तरी बाई विरघळली नाही. मृत समुद्रावर नेली तर तिने बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकली, म्हणाली कडू आहे, असलं मीठ आम्ही गोणीत भरलं नसतं. एवढंच काय ते तिचं जॉर्डनबद्दलचं मत.

सहाव्या दिवशी अम्मानचे अवशेष बघायचे होते. शहराच्या मधोमध एक टेकडी आहे, तिच्यावर जुनं सगळं. सकाळी बस वर सोडून गेली. ऊन छान होतं, वारा होता, आजूबाजूच्या सगळ्या टेकड्यांवर सायीच्या रंगाची घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली. वर मात्र मोकळंच मोकळं. पडक्या भिंती, दगडांचे ढीग, गवत, आणि मधेच आकाशात गेलेले दोन मोठे खांब. रोमन लोकांच्या देवळाचे. देऊळ पडलं, देव गेला, खांब राहिले. मला अशा जागी बरं वाटतं. आपल्यावर कोणाचं काही राहिलेलं नाही असं वाटतं.

आत्याने नऊवारीवर माझं स्वेटर घातलेलं आणि पायात मुलाचे पांढरे बूट. सगळीकडे नीट बघून तिने पहिला प्रश्न विचारला, एवढी जागा मोकळी कशी ठेवली, मालक कोण? मी गाईडला इंग्रजीत विचारलं. तो तिथलाच, पोट सुटलेला, हसरा माणूस. म्हणाला, सरकारची. आत्याने मान हलवली. म्हणजे मोबदला मिळाला नसणार, असं तिचं म्हणणं. हे मी गाईडला भाषांतर करून सांगितलं नाही.

देवळाच्या बाजूला दगडाचा एक प्रचंड पंजा पडलाय. पुतळा कधीचा कोसळला, बोटं तेवढी उरली. आमच्या ग्रुपमधले सगळे त्या बोटांशी फोटो काढायला धावले. आत्या लांब उभी राहिली. एवढा मोठा देव पडला तेव्हा आवाज केवढा झाला असेल, म्हणाली. मला तेवढंच निमित्त मिळालं. मी म्हटलं, आवाजावरून आठवलं आत्या, इथे बघ कशी शांतता आहे, दोन ओळी म्हणतेस का, अगदी हळू? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मोबाईल पर्समध्ये टाकला.

पुढे घुमटाची एक जुनी इमारत आहे, तिच्या मागे पडकं अंगण. तिथे कोणी नव्हतं. एक मांजर उन्हात झोपलेली. मी दुसरी चाल खेळले. आपणच एक ओळ चुकीची गुणगुणायला लागले. चुकीची म्हणजे मुद्दाम चुकीची, म्हटलं हिला राहवणार नाही, दुरुस्त करायला तरी तोंड उघडेल. तिने पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायली आणि मांजरीला म्हणाली, "हिना वाटतं मना कलत नाय."

दुपारी ग्रुपला हॉटेलात जेवायला नेणार होते, पण आत्याला सगळ्या जेवणात एकच वास यायचा. म्हणून आम्ही दोघी वरच एका पडक्या भिंतीच्या सावलीत बसलो. तिने पिशवीतून सुक्या जवळ्याची चटणी काढली. मी विमानतळावर तिला तीनदा विचारलेलं, आत्या, वासाचं काही नाही ना बॅगेत, आणि तिने तीनदा नाही म्हणून सांगितलेलं. तिथल्या गरम रोटीत ती चटणी भरून खाल्ली. जळ्ळं मेलं, काय लागली सांगू. खाली शहर पसरलेलं, समोरच्या डोंगराच्या पोटात कापलेलं जुनं नाट्यगृह दिसत होतं, अर्ध्या वाटीसारखं. सगळं निवांत होतं. आणि नेमकं तेव्हाच माझं डोकं सटकलं.

मला लपवाछपवी जमत नाही फार वेळ. मी तिला सरळ सांगितलं. पोरीच्या हळदीला तुझा आवाज पाहिजे. तू बसणार नसशील तर नको बसू, पण मला रेकॉर्ड करू दे. तू गेल्यावर आमच्याकडे काय राहणार? तुला एकटीला येतं ते, दुसऱ्या कोणाला येत नाही, आणि तू मूठ आवळून बसली आहेस. हा काय हट्ट? बोलता बोलता माझा आवाज चढला आणि डोळ्यांत पाणी पण आलं, त्याचा मला आणखी राग आला.

आत्या शांतपणे बोटं चाटत होती. मग म्हणाली, "नवरी नाय, मांडव नाय, नि दगडांना काय धवला ऐकवू? आनि मशिनीत घालशील, तर तिच्या मागून कोन धरील?"

मी म्हटलं, कोणी नाही धरलं तरी चालेल. नुसती तुझीच ओळ घेऊ.

"एकटीनं रडतात, बाय," ती म्हणाली. "धवला एकटीचा नसतो."

मी चटणीचा डबा बंद केला. मला जाऊ आठवली तिची, तिचा तो बसका, मागून येणारा आवाज. माझं लहानपण त्या आवाजात गेलंय. मांडवात आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची मी, पहाटे जाग आली तरी दोघी चालूच. पण मी शिकले नाही. मला कोणी शिकवलंही नाही. मी शाळेत जाणारी, मग कॉलेजात जाणारी, मग कल्याणला दिलेली. माझ्याकडून कोणी अपेक्षाच केली नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही तेव्हा.

चार वाजायच्या सुमारास बसने खाली नाट्यगृहापाशी आणलं. हे नाट्यगृह म्हणजे डोंगर कापून केलेल्या पायऱ्याच पायऱ्या, अर्धगोल, वरपर्यंत उभ्या चढणीच्या. खाली मधोमध मोकळं फरसबंद अंगण. त्या अंगणात एक जागा आहे. गाईड म्हणाला, इथे उभं राहून साधं बोला, पार वरच्या पायरीवर ऐकू जातं. स्पीकर नव्हते ना तेव्हा. मग काय, आमच्या ग्रुपला तेवढंच पाहिजे होतं. डोंबिवलीचे एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ त्या जागेवर गेले, घसा साफ केला आणि गणपती बाप्पा म्हणून ओरडले. पायऱ्यांवर पांगलेल्या सगळ्यांनी मोरया म्हटलं. अख्खं नाट्यगृह घुमलं. वर बसलेले दोन-तीन परदेशी दचकून उभेच राहिले. मला हसू आवरेना. आत्या पण हसली, त्या दिवशी पहिल्यांदाच.

आम्ही दोघी खालच्या पायरीवर बसलो. पाय दुखत होते. तिथे एक लग्नाची मंडळी आली. नवरी पांढऱ्या झग्यात, डोक्यावर जाळीचं, मागे झग्याचा घोळ उचलायला दोघी बायका. नवरा काळ्या सुटात. फोटोवाला पुढे मागे पळतोय. फोटो काढायलाच आलेले. तिकडे हे चालतं म्हणे, सगळे तिथे येऊन फोटो काढतात.

आत्या ताठ बसली. आधी तिला पटेना की ही नवरी आहे. पांढऱ्यात? मी म्हटलं, त्यांच्यात तसंच असतं. मग तिने विचारलं, लगीन लागलं का लागायचंय? मी गाईडला विचारलं, गाईडने त्या बायकांतल्या एकीला, मुलीची आई असावी ती. उत्तर उलट्या रस्त्याने आलं. आज संध्याकाळी आहे. इथून सरळ हॉलवर जाणार आहेत.

आत्या बघत राहिली. फोटोवाला नवरीला सांगत होता, इकडे बघ, तिकडे बघ, हनुवटी वर. बाकी सगळे गप्प उभे. नवरी पण गप्प. बिचारीचे खांदे उंच झालेले, हसू ओढून ताणून आणलेलं. आपल्याकडच्या नवरीचं पण तसंच होतं, पण आपल्याकडे निदान आजूबाजूला गोंगाट असतो.

"लगीन लागायच्या आधी नवरी अशी मुक्यानं उबी करतात?" आत्या पुटपुटली. आणि उठली.

मला वाटलं पाय मोकळे करते आहे. ती सरळ नवरीपाशी गेली. मी मागून धावले, म्हटलं आता हिने काही बोलायला नको. तिने नवरीच्या गालांवरून दोन्ही हात उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकड मोडली. दृष्ट काढली. नवरीला काय कळलं देव जाणे, पण ती खरीखुरी हसली, आणि तिची आई पण. आत्या दोन पावलं मागे सरकली. ती नेमकी गाईडने दाखवलेल्या त्या जागेवर गेली की आपोआप तिथे आली, मला अजून माहीत नाही. स्वेटर सारखं केलं, पदर खांद्यावरून घेतला आणि तिने धवला धरला.

"हलद वाटिली गो बायांनी, पाटा पिवला झाला..."

काय सांगू. दम लागणारी, जिना चढताना थांबणारी माझी आत्या, आणि तो आवाज पायऱ्या चढत चढत वर गेला. कोणाला ढकलावा लागला नाही तो. मी मोबाईल काढलेला, बटण दाबलेलं. मिळालं, मिळालं, एवढंच डोक्यात.

ओळ संपली. आणि आत्या थांबली.

मला वाटलं विसरली. दमली असेल. सगळं नाट्यगृह तिच्याकडे बघतंय आणि ती नुसती उभी. ती घाबरलेली नव्हती, आठवतही नव्हती काही. ती समोर नवरीकडे बघत होती, आणि मान थोडी डावीकडे कललेली, जशी मांडवात असायची. डाव्या हाताला जाऊ बसायची तिच्या. तेव्हा मला कळलं. ती थांबली नव्हतीच, तिने तिची ओळ संपवली होती. आता मागचीने धरायचं होतं. जन्मभर ती त्या ठिकाणी दम घेत आली आणि जन्मभर तिथे मागून आवाज आला. आज येत नव्हता.

आणि तिच्या डाव्या हाताला मी उभी होते, मोबाईल धरून.

माझा आवाज कसा आहे ते मला माहीत आहे. भिशीतल्या बायका आरतीला मला टाळ देतात, म्हणजे मी तोंड बंद ठेवीन. पण ती रिकामी जागा बघवेना. आत्याला तिथे तसं एकटीला उभं राहिलेलं बघवेना. ओळ मला ठाऊक होती. ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं, तोंड उघडल्यावर समजलं.

"पाटा पिवला झाला गो, नवरी आंगनी आली..."

फाटलेला, घोगरा, नको तिथे वर गेलेला आवाज. आत्याने वळून बघितलं नाही. मी शेवटच्या अक्षरावर आले आणि तिने तिथून उचललं, जसं काही मी रोजच तिच्या मागे बसते. मग पुन्हा मी. मग ती. कुठे दम घ्यायचा, कुठे लांबवायचं, हे डोक्याने आठवत नव्हतं, नुसतं येत होतं. पाच-सहा ओळी झाल्या असतील. मधे त्या नवरीकडच्या बायकांनी जिभा हलवून एकदम उंच आवाज काढला, त्यांच्याकडे आनंदाला काढतात तसा. आत्या दचकली नाही. त्यांचा आवाज संपेपर्यंत थांबली, मान डोलावली आणि पुढची ओळ घेतली.

संपल्यावर आमच्या ग्रुपने टाळ्या वाजवल्या. आत्या वैतागली. टाळ्या काय वाजवता, म्हणाली, नवरीवर काहीतरी टाका. अक्षता कुठून आणणार? डोंबिवलीच्या गृहस्थांच्या बायकोने पर्समधले खारे शेंगदाणे काढले. ते पण टाकले. नवरीच्या आईने आत्याला मिठी मारली आणि अरबीत कितीतरी वेळ काही सांगितलं, आत्याने आगरीत कितीतरी वेळ उत्तर दिलं. गाईड मधे पडला नाही.

बसमध्ये बसल्यावर मी रेकॉर्डिंग लावलं. आत्याची ओळ लख्ख आलेली. मग शांतता, वाऱ्याची खरखर. मग माझा तो आवाज. मला ऐकवेना, मी बंद केलं. म्हटलं, आत्या, माझ्या ओळी कापून टाकते, तुझ्याच ठेवते. भाचीला तेवढ्या पुरतील.

"काय कापू नको," ती म्हणाली. "आनि मांडवात वाजवू पन नको. हलद कवा हाय पोरीची?"

मी सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"तवर रोज ये कोलशेतला. पयली ओल तू धरायची."

मी म्हटलं, आत्या, वेडी का तू, मला नाही गं येत. मागून कशीबशी आले, पुढे बसून कशी धरू? सगळं गाव असणार तिथे. आणि आवाज ऐकलास ना माझा?

"आयकला. वाईट हाय," ती म्हणाली. तिने खिडकीची काच सरकवली, दम खाल्ला, आणि माझा मोबाईलवाला हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. "मना तरी कुठं येत व्हता? मागं माजी जाव हाय, ती सोडायची नाय, येवरंच मना म्हाईत. म्हनून गायची मी. आता तुज्या मागं मी हाय."